साडेदहा टक्क्यांचे कोडे : ईस्ट इंडिया कंपनीचा लाभांश आणि त्याची किंमत

एका कंपनीची गोष्ट सांगतो. १८३४ मध्ये तिने आपला व्यापार कायमचा थांबविला. १८५८ मध्ये तिचे राज्य गेले, फौज गेली. पुढे लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील तिची प्रशस्त कचेरीही पाडण्यात आली. चहाची एक पेटी ती विकत नव्हती, नीळ नाही, रेशीम नाही. तरीही १८७४ सालापर्यंत तिच्या प्रत्येक १०० पौंडांच्या भागभांडवलावर दर वर्षी १० पौंड १० शिलिंग लाभांश मिळत राहिला, एकाही वर्षी न चुकता.

ही ईस्ट इंडिया कंपनी. तिच्या लढायांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या लाभांशावर मात्र फारसे कोणी थांबत नाही, कारण तो विषय हिशेबनिसांचा वाटतो. पण माझे मत असे आहे की, कंपनीचे राज्य कोणासाठी चालले होते हे समजून घ्यायचे असेल, तर पानिपत आणि प्लासी यांच्याइतकाच हा एक साधा भागाकारही शिकला पाहिजे. या धाग्यात तो भागाकार करू. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कंपनीच्या सामान्य समभागाला तीन वेगवेगळे आकडे चिकटलेले असतात. पहिला दर्शनी किंमतीचा, म्हणजे भागपत्रावर छापलेला. दुसरा बाजारभावाचा, म्हणजे आज तो भाग विकत घ्यायला किती पैसे मोजावे लागतील त्याचा. तिसरा वार्षिक लाभांशाचा, म्हणजे वर्षभरात त्या भागामागे हातात पडणाऱ्या रोख पैशाचा. डिव्हिडंड यील्ड, ज्याला आपण लाभांश-परतावा म्हणू, तो यांतील फक्त शेवटच्या दोन आकड्यांतून निघतो : वार्षिक लाभांशाला बाजारभावाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. दर्शनी किंमतीचा या भागाकाराशी संबंध नाही.

गोंधळ होतो तो नेमका येथेच. आपल्याकडे पूर्वी कंपन्या लाभांश जाहीर करीत तो दर्शनी किंमतीच्या टक्केवारीत. ‘५०० टक्के लाभांश’ असा मथळा वाचून नवखा माणूस हरखून जाई. भागाची दर्शनी किंमत २ रुपये असेल, तर ५०० टक्के म्हणजे अवघे १० रुपये. तोच भाग बाजारात १,००० रुपयांना मिळत असेल, तर परतावा झाला १ टक्का. मथळ्यात लिहिले ते खोटे नाही. ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचे ‘साडेदहा टक्के’ अगदी याच जातीचे होते. १०० पौंडांच्या दर्शनी भांडवलावर साडेदहा पौंड. (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा साडेदहा पौंड म्हणजे बरोबर १० गिन्या. इंग्रज सभ्य गृहस्थाला हा आकडा जिभेवर घोळवायला गोड वाटत असला पाहिजे.) परंतु शंभर पौंडांचा भाग शंभर पौंडांना मिळण्याचे दिवस तेव्हा केव्हाच मागे पडले होते. लंडनच्या बाजारात त्याला दोनशे, सव्वादोनशे, कधी त्याहूनही अधिक मोजावे लागत. म्हणजे खरा परतावा साडेदहाच्या निम्मा किंवा त्याहून कमी. हा भाव रोजच्या रोज कळत असे. जॉन कॅस्टेंग याने १६९८ पासून लंडनमध्ये भावांचे छापील पत्रक सुरू केले होते, आणि त्यात कंपनीच्या भांडवलाचा भाव दर शंभर पौंडांमागे दिला जाई. त्यामुळे आपल्याला आज, अडीचशे वर्षांनंतरही, हा भागाकार करता येतो.

आता १७६६ सालाकडे जाऊ. कंपनी तेव्हा ६ टक्के लाभांश देत होती आणि तिच्या शंभर पौंडांच्या भागाचा भाव सुमारे १६५ होता. परतावा काढा : ६ भागिले १६५, म्हणजे ३.६ टक्के. एप्रिलमध्ये लंडनला बातमी आली की, क्लाइव्हने मुघल बादशहाकडून बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळविली आहे. दिवाणी म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार. बातमीचा अर्थ बाजाराने क्षणात लावला : ज्या कंपनीला आजवर इंग्लंडहून चांदी नेऊन माल विकत घ्यावा लागे, तिला आता बंगालच्या शेतसाऱ्यातूनच माल खरेदी करता येईल. वर्षभरात भाव अडीचशेच्या पुढे गेला.

क्लाइव्हला बातमी अर्थातच सर्वांच्या आधी ठाऊक होती, कारण ती त्यानेच घडविली होती. दिवाणी मिळाल्यावर त्याने हिंदुस्थानातून आपल्या लंडनच्या मुखत्यारांना पत्र धाडले की, माझ्या नावे जमेल तितके भाग खरेदी करा. आजच्या कायद्यात या प्रकाराला नाव आहे आणि शिक्षाही आहे.

भागधारकांना मात्र केवळ भाव चढून भागणार नव्हते, त्यांना रोख हवी होती. सप्टेंबर १७६६ मध्ये सर्वसाधारण सभेने, संचालकांच्या मनाविरुद्ध, लाभांश ६ वरून १० टक्क्यांवर नेला. पुढल्या मे महिन्यात तो साडेबारा करण्याचा ठराव झाला, तेव्हा पार्लमेंटने कायदा करून १० वर लगाम घातला आणि त्याच वेळी कंपनीने सरकारी तिजोरीत दर वर्षी ४ लाख पौंड भरावेत असेही ठरविले. लूट कोणाच्या पदरात किती पडावी, यावरचा हा वाद होता. ज्यांच्याकडून ती यायची, ते या सगळ्या चर्चेत कोठेच नव्हते.

येथे परताव्याचा हिशेब एक बोलकी गोष्ट सांगतो. लाभांश १० आणि भाव २६० धरला, तर परतावा ३.८ टक्के. त्या काळी ब्रिटिश सरकारच्या तीन टक्क्यांच्या रोख्यांवर, ज्यांना कॉन्सोल म्हणत, साधारण साडेतीन टक्के सुटत. सरकारी रोखा म्हणजे इंग्लंडमधील सर्वांत सुरक्षित कागद. सहा महिन्यांच्या सागरी प्रवासापलीकडे, परक्या मुलखात लढाया करणाऱ्या कंपनीच्या भागावर माणसे त्याच्या जवळपास इतक्याच परताव्यात समाधान मानत होती. याचा अर्थ त्यांना आजच्या लाभांशाची पर्वा नव्हती. लाभांश उद्या आणखी वाढेल, परवा त्याहून वाढेल, अशी त्यांची खात्री होती. कमी परतावा म्हणजे बाजाराने भविष्यावर लावलेली पैज.

ती पैज प्रथम हादरविली हैदर अलीने. १७६९ च्या वसंतात तो थेट मद्रासच्या वेशीवर जाऊन धडकला आणि इंग्रजांना त्याच्या अटींवर तह करावा लागला. भाव तेव्हा २७० च्या वर होता. ही वार्ता मे महिन्यात लंडनला पोहोचताच तो कोसळू लागला. म्हैसूरच्या घोडदळाने लंडनच्या सट्टेबाजांची घरे बुडविली, हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटते. पण उसने पैसे घेऊन भाग घेणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते.

मग बंगालचा दुष्काळ आला. १७६९-७० च्या त्या दुष्काळात एक तृतीयांश माणसे मेली असावीत, असा अंदाज पुढे खुद्द वॉरन हेस्टिंग्जने केला. त्याच हेस्टिंग्जने ३ नोव्हेंबर १७७२ च्या पत्रात संचालकांना कळविले आहे की, १७७१ ची निव्वळ वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षाही अधिक होती, आणि ती जोरजबरदस्तीने टिकविलेली होती. मेलेल्यांचा सारा जिवंत राहिलेल्यांकडून वसूल झाला. आणि लंडनमध्ये त्याच काळात लाभांश चढत चढत साडेबारा टक्क्यांवर पोहोचला.

ही वर्षे लक्षात ठेवा. भागाकाराच्या वरच्या आकड्याची जन्मकथा भागाकारात दिसत नाही; ती कागदाबाहेर शोधावी लागते.

१७७२ चा उन्हाळा सुरू झाला तेव्हा भाव सुमारे २२५ होता. साडेबारा भागिले २२५ : परतावा साडेपाच टक्क्यांहून किंचित अधिक. जूनमध्ये लंडनच्या पेढ्या कोसळू लागल्या, कंपनीला कर्ज मिळेना, गोदामात न विकलेला चहा साठून होता, बंगालहून हुंड्या येऊन पडत होत्या. वर्षअखेरीस भाव १६० च्या आसपास आला. आता समजा, एखाद्या गृहस्थाने तेव्हा जुन्या लाभांशावरून परतावा काढला : साडेबारा भागिले १६०, म्हणजे ७.८ टक्के. किती स्वस्त, किती भरघोस! त्याने भाग घेतला असता, तर पुढच्याच वर्षी त्याला कळले असते की, कंपनीने सरकारकडून १४ लाख पौंडांचे कर्ज घेतले आहे आणि ते फिटेपर्यंत ६ टक्क्यांहून अधिक लाभांश देण्यास तिला कायद्याने मनाई आहे. ६ भागिले १६० म्हणजे पावणेचार टक्के. त्याचा ७.८ चा परतावा हा गेलेल्या वर्षाचा होता.

आजही गुंतवणुकीच्या संकेतस्थळांवर ज्या भागाचा परतावा अचानक वाढलेला दिसतो, तेथे बहुधा भाजक खाली घसरलेला असतो, भाज्य वर चढलेले नसते. म्हणून हा आकडा कोणत्या वर्षाच्या लाभांशावरून काढला आहे, हे पहिल्यांदा विचारावे. मागील बारा महिन्यांचा की पुढील वर्षाच्या अंदाजाचा, यावर उत्तर दुपटीने बदलू शकते, हे १७७२ च्या लंडनने दाखवून दिले.

(याच संकटातून रेग्युलेटिंग अॅक्ट आला आणि साठलेला चहा अमेरिकेत खपविण्याचा कायदाही. तो चहा डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या खाडीत गेला. तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

रेग्युलेटिंग अॅक्टच्या साली आणखी एक बदल झाला. सर्वसाधारण सभेत मत देण्यासाठी पूर्वी ५०० पौंडांचे भांडवल पुरे होई, ते आता १,००० पौंड करण्यात आले. ३,००० ला दोन मते, ६,००० ला तीन, १०,००० ला चार. ही तरतूद ध्यानात असू द्या. सातारच्या गोष्टीत ती लागणार आहे.

यानंतरची दोन दशके मी भरभर ओलांडतो. लाभांश ६ वरून ८ वर आला. १७९३ च्या सनदेत १० टक्क्यांची मुभा मिळाली, त्यावर वेगळ्या निधीतून अर्धा टक्का. आणि तेव्हापासून साडेदहा हा आकडा जणू दगडात कोरला गेला. कंपनीचे भांडवल तोवर ६० लाख पौंड झाले होते. म्हणजे लाभांशापोटी दर वर्षी ६ लाख ३० हजार पौंड.

दगडात कोरला गेला, असे मी जाणून म्हणतो. १८०३ मध्ये आसईच्या रणात शिंद्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा लढल्या, वेलस्लीच्या युद्धखर्चाने कंपनीचे हिंदुस्थानातील कर्ज फुगत गेले, १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराची तिची मक्तेदारी गेली, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साडेदहा मात्र साडेदहाच राहिले. उद्योगाचा नफा असा कधी वागत नाही. तो वर-खाली होतो. जो आकडा युद्धातही हलत नाही आणि दुष्काळातही हलत नाही, तो नफा नसून खंड असतो, हे गावातल्या कुळाला समजावून सांगावे लागत नाही.

१८३३ मध्ये हे उघडपणे कायद्यात लिहिले गेले. त्या वर्षीच्या सनदी कायद्याने कंपनीचा चीनचा व्यापारही बंद केला. व्यापार नाही, म्हणजे नफा नाही. मग भागधारकांचे काय? दीर्घ वाटाघाटींनंतर असे ठरले की, कंपनीने आपली सर्व मालमत्ता राजसत्तेच्या हवाली करावी, हिंदुस्थानचा कारभार तिच्या वतीने विश्वस्त म्हणून चालवावा, आणि भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश पुढची चाळीस वर्षे हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा. ३० एप्रिल १८७४ नंतर पार्लमेंटला हवे तेव्हा प्रत्येक १०० पौंडांच्या भांडवलामागे २०० पौंड देऊन हे देणे कायमचे फेडता येईल.

हा २०० चा आकडा कोठून आला, हे पाहायला आपला भागाकार उलटा करा. साडेदहा भागिले २००, म्हणजे ५.२५ टक्के. कायद्याने भागाची किंमत ठरविताना सव्वापाच टक्क्यांचा परतावा गृहीत धरला होता. परतावा आणि लाभांश हाती असतील, तर किंमत काढता येते : लाभांशाला परताव्याच्या दराने भागायचे. साडेदहा भागिले ०.०५२५, उत्तर २००.

सव्वापाच टक्के जास्त की कमी? त्या सुमारास कॉन्सोलचा भाव ८५ ते ९० च्या दरम्यान होता. ८८ धरू. तीन भागिले ८८, म्हणजे ३.४ टक्के. ब्रिटिश सरकारची हमी ३.४ टक्क्यांना मिळत असताना हिंदुस्थानच्या सर्व महसुलाचे तारण असलेले उत्पन्न २०० च्या दराने सव्वापाच टक्के देत होते. अर्थातच बाजार इतका बावळट नसतो. असा कागद दोनशेला कोणी सोडणार नाही, त्याचा भाव दोनशेच्या वर राहणारच. आणि तो राहिला.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, १८३४ मध्ये एका इंग्रज विधवेने हा शंभर पौंडांचा भाग २५० ला घेतला. तिचा लाभांश-परतावा : साडेदहा भागिले २५०, म्हणजे ४.२ टक्के. कॉन्सोलपेक्षा पाऊण टक्क्याने बरा. पण १८७४ मध्ये तिच्या वारसाला २५० नव्हे, २०० मिळणार आहेत. पन्नास पौंडांची ती खोट लाभांश-परताव्यात कोठेही दिसत नाही. चक्रवाढीने नीट हिशेब केला, तर ४.२ चे खरे ४ होतात. चाळीस वर्षांत खोट विरून जाते, म्हणून फरक थोडा. आता समजा दुसऱ्या कोणी १८६४ मध्ये, दहाच वर्षे उरली असताना, तोच भाग २३० ला घेतला. परतावा दिसतो ४.६ टक्के, म्हणजे विधवेपेक्षा चांगला. प्रत्यक्षात दहा वर्षांत ३० पौंड जाणार असल्याने त्याच्या हाती येतात सुमारे साडेतीन. ज्याने अधिक परतावा पाहून घेतले, त्याला कमी मिळाले. लाभांश-परतावा हा एका वर्षाच्या रोखीचा हिशेब आहे; मुद्दलाचे काय होईल ते तो सांगत नाही.

हे झाले घेणाऱ्याचे. आता देणाऱ्याकडे वळू.

६ लाख ३० हजार पौंड म्हणजे, पौंडाला दहा रुपये या ढोबळ दराने, ६३ लाख रुपये. हा आकडा केवढा मोठा, हे मराठी वाचकाला एका तुलनेने पटकन कळेल. राज्य सोडून ब्रह्मावर्तास गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कंपनी वर्षाला ८ लाख रुपये तनखा देत असे, आणि तो भरमसाट असल्याची तक्रार इंग्रज अधिकारी वर्षानुवर्षे करीत. भागधारकांचा लाभांश त्या तनख्याच्या जवळजवळ आठपट होता. बाजीराव जानेवारी १८५१ मध्ये वारला, तेव्हा तनखा त्याच्या हयातीपुरताच होता असे सांगून दत्तकपुत्र नानासाहेबाचा दावा डलहौसीने फेटाळला. कंपनीचा भागधारक वारला, तर त्याचे भाग वारसाच्या नावे चढत आणि साडेदहा टक्के चालू राहत. एक हक्क माणसाबरोबर मरत होता. दुसरा कागदावर असल्यामुळे मरत नव्हता.

आणि या कागदाला मतही होते. मघाचा १,००० पौंडांचा नियम आठवा. २५० च्या भावाने एक मत विकत घ्यायला २,५०० पौंड लागत, आणि ते मत बाळगल्याबद्दल वर्षाला १०५ पौंड लाभांशही मिळे. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे तब्बल दशकाहून अधिक काळ झगडत राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरील भागधारकांच्या सभेत सातारच्या प्रकरणावर वारंवार वादविवाद झाले. जोसेफ ह्यूम, जॉन सलिव्हन यांच्यासारख्यांनी महाराजांची बाजू हिरिरीने मांडली, हे नमूद केलेच पाहिजे. ठराव मात्र हरत गेले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. छत्रपतींच्या गादीचा न्याय मागायला ज्या सभेपुढे जावे लागले, तिथले मतदार हजार-हजार पौंडांचे भाग बाळगणारे लोक होते, आणि त्यांचा लाभांश हिंदुस्थानच्याच महसुलावर बसविलेला होता. यांपैकी प्रत्येक जण लोभी होता असे मी म्हणत नाही. पण न्यायाधीशाचे वेतन प्रतिवादीच्या पेटीतून जात असेल, तर तो कितीही सज्जन असला, तरी निकालाकडे पाहण्याची नजर बदलते.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवादही न्याय्यपणे सांगायला हवा. तिचे म्हणणे असे की, भागधारकांनी आपली जहाजे, गोदामे, माल, येणे, सारी व्यापारी मालमत्ता १८३३ मध्ये सोडून दिली. लाभांश हा त्याचा मोबदला. यात तथ्य आहे. पण त्या मालमत्तेच्या विक्रीतून २० लाख पौंड बाजूला काढून जो हमी निधी उभारला, तो हिंदुस्थानच्या रयतेसाठी नव्हता. चक्रवाढीने वाढत जाऊन १८७४ मध्ये भागधारकांचे १ कोटी २० लाख पौंड त्यातून फेडायचे, असा त्याचा हेतू. गंमत अशी की, २० लाखांचे चाळीस वर्षांत १ कोटी २० लाख व्हायला साडेचार टक्क्यांहून किंचित अधिक व्याज लागते. कॉन्सोलच्या ३.४ टक्क्यांनी ते होतात सुमारे ७६ लाख. निधी पुरणार नाही, हे १८३३ मध्येच कोणीही कागदावर मांडून पाहू शकला असता.

मुंबईत काही तरुण कागदावर मांडून पाहू लागले होतेच. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, असा परखड सवाल टाकला. त्याच वर्षी भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ सुरू झाले. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये आपला ‘इंग्लंडचे हिंदुस्थानाला देणे’ या विषयावरील निबंध वाचला तो २ मे १८६७ रोजी, म्हणजे या मंडळींनंतर जवळपास पाव शतकाने. संपत्तीच्या निःसारणाचा विचार दादाभाईंनी सिद्धान्तपदाला नेला हे खरे. पण त्याचे पहिले उद्गार मुंबईत उमटले, त्यांतले काही मराठीत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत जेमतेम एका ओळीत उरकली जाते, याची मला खंत वाटते.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले. १८५८ चा कायदा राज्यकारभार राणीकडे नेताना लाभांशाला हात लावत नाही. तो पूर्वीप्रमाणेच हिंदुस्थानच्या महसुलावर राहिला. पुढची सोळा वर्षे कंपनी उरली ती केवळ लाभांश वाटण्यापुरती. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मालक बदलला, खंड बदलला नाही.

चाळीस वर्षांची बेरीज करू. ६ लाख ३० हजार गुणिले ४० : २ कोटी ५२ लाख पौंड लाभांश. त्यावर मुद्दलाचे १ कोटी २० लाख. एकूण ३ कोटी ७२ लाख पौंड, ६० लाखांच्या दर्शनी भांडवलावर. १८७३ मध्ये पार्लमेंटने लाभांश फेडण्याचा कायदा संमत केला आणि १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात या शेवटच्या हप्त्याबद्दल नोंदविले आहे की, कंपनीचे भांडवल कर्ज काढून फेडले गेले आणि ते कर्ज हिंदुस्थानच्या नावे मांडले गेले. साम्राज्य कंपनीकडून राणीकडे गेले, त्याची खरेदीची रक्कम हिंदी रयतेने भरली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कंपनीचा लाभांश बंद झाला, त्या जागी कर्जाचे व्याज सुरू झाले; आणि ते भरायचे होते त्याच शेतसाऱ्यातून.